डिपर

स्विंडनला येऊन तीन आठवडे झाले होते. एका अरुंद गल्लीत मी आणि एक पांढरी व्हॅन समोरासमोर आलो. दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या, मधे जेमतेम एक गाडी जाईल एवढी वाट. व्हॅनवाल्याने डिपर मारला. मी लगेच ब्रेक दाबला, डावीकडच्या मोकळ्या जागेत गाडी घातली आणि थांबले. तोही थांबलेला. त्याने पुन्हा डिपर मारला. मी मनात म्हटलं, अरे बाबा, थांबलेय ना मी, ये की आता! तो येईना. मी हलेना. माझ्यामागे आणखी एक गाडी येऊन उभी राहिली, पण हॉर्न कुणीच वाजवला नाही, आणि त्या शांततेनेच मला जास्त घाम फुटला. शेवटी व्हॅनवाल्याने खिडकीतून हात काढला आणि वाटेत बसलेल्या म्हशीला हलवावं तसा तो हलवला. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, की हा माणूस मघापासून मला 'तू जा' म्हणतोय.

माझं माहेर चिपळूणचं आणि सासर साताऱ्याचं. पाटणवरून कोयनानगर, मग कुंभार्ली उतरून चिपळूण, हा रस्ता मी स्वतः गाडी चालवत किती वेळा केला असेल याची मोजदाद नाही. त्या घाटात डिपरला एकच अर्थ आहे: मी येतोय, तू थांब. रात्री धुक्यात वळणाच्या पलीकडे दोनदा उजेड हलला की समजायचं, ट्रक आहे, आणि तो काही आपल्यासाठी थांबणार नाही. ट्रकच्या पाठीवर तर रंगवलेलंच असतं, 'यूज डिपर ॲट नाइट'. पुढे जायला सांगायचं असेल तर ट्रकवाला खिडकीतून हात काढून हलवतो. म्हणजे डिपर थांबण्यासाठी आणि हात जाण्यासाठी, अशी आमची सरळ वाटणी. ती वाटणी घेऊन मी चाळिशी ओलांडल्यावर इंग्लंडात आले.

सोबत लायसन्सही आणलं होतं. २००३ सालचं, आमच्या जिल्ह्याच्या आरटीओतून मिळालेलं. त्या परीक्षेचं वर्णन करण्यासारखं काही नाही. पुढे घ्या, मागे घ्या, उतरा, एवढंच आठवतं. खरी परीक्षा पुढे घाटाने घेतली, आणि ती पावसाळ्यात दरवर्षी नव्याने घेतली.

इथला नियम मला विमानात बसण्याआधीपासून पाठ होता. भारताचं लायसन्स असलेला माणूस ब्रिटनमध्ये राहायला आला की तो दिवस धरून बारा महिने त्याच लायसन्सवर गाडी चालवू शकतो. पाटी नको, सोबतीला कुणी नको. एकटीने लंडनपर्यंत एम-फोर मोटरवेवर जा, ताशी सत्तर मैलांनी जा. बारा महिने संपले की त्या कागदाची रस्त्यावरची किंमत शून्य. मग तुम्ही शिकाऊ. हातात प्रोव्हिजनल लायसन्स, गाडीला पुढेमागे लाल 'एल', आणि शेजारच्या सीटवर एकवीस वर्षांपेक्षा मोठं, किमान तीन वर्षं पूर्ण लायसन्स असलेलं माणूस हवं. मोटरवेवर जायचं तर मान्यताप्राप्त शिक्षक आणि त्याच्या बाजूलाही पेडल असलेली गाडी पाहिजे. तीही सवलत शिकाऊंना २०१८ पासूनच मिळाली.

यातली गंमत मला फार उशिरा दिसली. ज्या दिवशी मी या रस्त्यांवर सगळ्यात अडाणी होते त्या दिवशी मला सगळी मुभा होती. वर्षभर चालवून हात बसला, गल्ल्या पाठ झाल्या, आणि एका मध्यरात्री मी नवशिकी झाले. हे इंग्रजी डोक्याला कसं पटतं कोण जाणे, पण मराठी घरात वाढलेल्या बाईला समजायला जड नाही. पाहुणीच्या हातून कपबशी फुटली तर 'असू दे हो' म्हणतात. तीच मुलगी सून होऊन आली की कपबशी कुठल्या फडताळात, कुठल्या फळीवर, कान कुठल्या बाजूला करून ठेवायची, हे शिकावं लागतं. पहिलं वर्ष मी पाहुणी होते. दुसऱ्या वर्षी या देशाने मला सून करून घेतलं.

सगळ्याच सुनांना ही परीक्षा नसते, हेही सांगायला हवं. काही देशांशी ब्रिटनचा करार आहे. जपानचं लायसन्स द्या, ब्रिटिश घ्या. झिम्बाब्वेचंही चालतं. दक्षिण कोरियात गाड्या उजव्या बाजूने चालतात, तरी तिथलं लायसन्सही अदलाबदलीला चालतं. आम्ही जन्मभर डावीकडून चालवतो, तो नियमही यांनीच आमच्याकडे ठेवून दिलेला, पण आमचं नाव त्या यादीत नाही. मला आधी राग आला. मग आमच्या आरटीओतलं ते 'पुढे घ्या, मागे घ्या' आठवलं आणि राग जरा आवरता घेतला.

शेजारच्या घरातल्या अंकलना मात्र या यादीचं काहीच वाटत नाही. ते गोव्यातल्या साष्टीचे. स्विंडनमध्ये गोव्याची माणसं एवढी आहेत की रविवारी चर्च सुटल्यावर रस्त्यावर कोंकणी ऐकू येते. १९६१ आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मिळवता येतं. त्या पासपोर्टवर ब्रेक्झिटच्या आधी पुष्कळ कुटुंबं इथे आली आणि गोदामांत, कारखान्यांत, इस्पितळांत कामाला लागली. अंकल त्यातलेच. त्यांचं म्हणणं असं: "पासपोर्ट पोर्तुगालचा, पण लायसन्स मडगावचं. देश बदलला म्हणून हात बदलत नाय." त्यांनाही इथे नव्याने परीक्षा द्यावी लागली. तिसऱ्यांदा पास झाले. हे ते इतक्या अभिमानाने सांगतात, की पहिल्यांदा पास होणाऱ्याला आपलंच काहीतरी राहून गेलं असं वाटावं.

स्विंडन हे तसं चाकांचंच गाव. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचे कारखाने इथे होते, ते १९८६ साली बंद झाले. होंडाचा मोटारींचा कारखाना होता, तोही २०२१ मध्ये बंद झाला. उरला तो मॅजिक राउंडअबाउट. फुटबॉलच्या मैदानाजवळ १९७२ साली तो बांधला, कल्पना फ्रँक ब्लॅकमोर नावाच्या वाहतूक अभियंत्याची. पाच छोटे गोल एका मोठ्या गोलाभोवती मांडलेले. बाहेरच्या बाजूने गाड्या घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात आणि आतल्या बाजूने उलट्या. मी पहिल्यांदा त्यात शिरले तेव्हा रामरक्षेच्या पहिल्या दोन ओळींनंतर पुढचं आठवेना. पण खरं सांगू, तो दिसतो तसा नाही. प्रत्येक छोट्या गोलापाशी एकच गोष्ट करायची, उजवीकडे बघायचं आणि तिकडून येणाऱ्याला वाट द्यायची. पाच वेळा तेच. नियम आमच्याकडच्या पुस्तकातही आहे, चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्या म्हणून. साताऱ्याच्या पोवई नाक्यावर तो पुस्तकातून उतरून आलेला मी कधी पाहिला नाही एवढंच.

पहिले नऊ महिने मी परीक्षेचा विचारही केला नाही. चाललंय ना, मग झालं तर. कामावर जाते, येते, शनिवारी बाजार, क्वचित बाथला फेरी. डिपरचा नवा अर्थ अंगवळणी पडला. वाट मिळाली की स्टिअरिंगवरून चार बोटं उचलून आभार मानायचे, ही इथली रीत. ती महिन्याभरात मनगटाने आपोआप उचलली. आमच्याकडे पादचारी हात दाखवून गाड्या थांबवत रस्ता ओलांडतो. इथे गाडी आधीच थांबलेली असते आणि पलीकडे गेल्यावर माणूस हात वर करतो तो आभारासाठी. २०२२ च्या जानेवारीपासून तर वळणावर नुसत्या उभ्या असलेल्या पादचाऱ्यालाही वाट द्यावी असं पुस्तकात आलं. मी त्याच मार्चमध्ये आले. त्यामुळे निदान हा एक नियम तरी असा होता, जो इंग्रजांना आणि मला एकदमच शिकावा लागला.

हे पुस्तक म्हणजे हायवे कोड. पहिल्यांदा निघालं १९३१ साली. सक्तीची परीक्षा आली १९३५ मध्ये, आणि ती फक्त १ एप्रिल १९३४ नंतर गाडी चालवू लागलेल्यांना. त्याआधीचे सगळे सुटले, जन्मभर बिनपरीक्षेचे फिरले. कायदा कुठेतरी एक तारीख आखतो आणि अलीकडचे-पलीकडचे वेगळे होतात, ही गोष्ट जुनीच आहे. माझी तारीख १४ मार्च होती.

डिसेंबरात जाग आली. थिअरीची तारीख मिळाली ती जानेवारीअखेरची, आणि ती पास झाल्यावर प्रॅक्टिकलची मिळाली ती थेट मेमधली. म्हणजे मधले दोन महिने मला एकटीला गाडी काढता येणार नाही हे तेव्हाच ठरलं.

थिअरीत दोन भाग. पहिल्यात पन्नास प्रश्न, त्रेचाळीस बरोबर यावे लागतात. तो घोकून होतो. घोकण्यात आपल्याला कोण हरवणार? दुसऱ्या भागाने मात्र माझी चांगलीच जिरवली. पडद्यावर चौदा चित्रफिती दाखवतात, तुम्ही ड्रायव्हरच्या जागी बसल्यासारख्या. धोका आकार घेताना दिसला की माऊसचं बटण दाबायचं. जितक्या लवकर दाबाल तितके गुण जास्त, एका धोक्याला जास्तीत जास्त पाच. पंच्याहत्तरपैकी चव्वेचाळीस हवेत. सरावाला बसले आणि पहिल्याच फितीत मला शून्य. का, तर मी फार वेळा दाबलं म्हणे. उगाच बटण बडवणाऱ्याला ते यंत्र शून्य देतं.

आता यात माझं काय चुकलं? फुटपाथवर आई बाबागाडी ढकलत होती, मी दाबलं. दाराशी कुत्रा, दाबलं. उभ्या बसच्या पुढे कुणीतरी असणार, दाबलं. लांबवर सायकलवाला, दाबलं. कुंभार्लीत आणि पोवई नाक्यावर तयार झालेल्या डोळ्यांना जे जे हलतं ते ते अंगावर येणार असं वाटतं, आणि बहुतेक वेळा येतंही. त्या यंत्राच्या मते कुत्रा दाराशी आहे तोवर तो नुसता कुत्रा. तो रस्त्यावर पाय टाकू लागला की धोका. मी कुत्र्याच्या मनात विचार येण्याआधीच बटण दाबत होते, आणि गुण त्यानंतर सुरू होत होते. आठवडाभर मी स्वतःला थोडं कमी घाबरायला शिकवलं, तेव्हा कुठे बावन्न गुण पडले.

मग १४ मार्च उजाडला. सकाळी गाडीची किल्ली खुंटीवर तशीच ठेवून मी बसने कामाला गेले. संध्याकाळी नवऱ्याने पुढच्यामागच्या काचेखाली चुंबकाचे लाल 'एल' लावले. त्याला स्वतःला गाडी येत नाही, कधी शिकायचंही नव्हतं. पण ते 'एल' त्याने अगदी नारळ फोडायच्या थाटात लावले. विम्याचा हप्ता वाढला. भारतातल्या वीस वर्षांत एकही क्लेम नव्हता, पण मी विचारलं त्या कंपन्यांना त्याचं काही वाटलं नाही.

सराव अंकलनी करून घेतला. संध्याकाळी शिफ्ट संपवून यायचे, शेजारी बसायचे, आणि दर वळणाला एकच मंत्र: "सवकाश, बाये, सवकाश." मी ताशी वीस मैलांवर असले तरी सवकाश. त्यांच्या सवकाशला मी वैतागायचे. नंतर कळलं की मी तासावर लावलेल्या शिक्षकाची तक्रार नेमकी उलटी आहे. तो सत्तावीस वर्षांचा पोरगा, मला एकेरी नावाने हाक मारणारा, तासाला पस्तीस पौंड घेणारा. तो म्हणायचा, तू थांबतेस फार. वाट मोकळी असताना न जाणं हीही इथे चूक धरतात. म्हणजे एकीकडून अंकल सवकाश, दुसरीकडून हा 'जा, जा'. आणि दोघांच्या मधे आरसा. वळायच्या आधी आरसा, वेग बदलायच्या आधी आरसा, थांबायच्या आधी आरसा. आमच्याकडे आरशाचं काम हॉर्न करतो. मागचा स्वतःच सांगतो मी आहे म्हणून. इथे मागचा गप्प असतो, त्याला आपणच शोधायचं. मी आरसा बघत नव्हते असं नाही. मी नुसते डोळे फिरवायचे, आणि परीक्षकाला मान हललेली दिसायला हवी. माझी मान वीस वर्षांत रस्त्यावरून कधी ढळली नव्हती. ती ढळवायला सहा तास, म्हणजे दोनशे दहा पौंड लागले.

मेमधली ती परीक्षा. आधी वीस मीटरवरच्या गाडीचा नंबर वाचून दाखवायचा, तो वाचला. निघालो. परीक्षक पन्नाशीच्या बाई, मांडीवर टॅब्लेट, चेहऱ्यावर काहीच नाही. अर्धा तास बरा गेला. बरोबर पस्तिसाव्या मिनिटाला एक अरुंद गल्ली आली. दोन्ही बाजूंना गाड्या. समोरून व्हॅन, तीही पांढरीच. या देशात निम्म्या व्हॅन पांढऱ्या असतात. व्हॅन थांबली. डिपर मारला.

मला जो आनंद झाला तो काय सांगू. एक वर्षापूर्वीची मी आणि आताची मी! गडबड नाही, गोंधळ नाही. चार बोटं उचलली आणि निघाले. तेवढ्यात व्हॅनच्या मागून, फुटपाथच्या बाजूने एक शाळकरी मुलगा सायकलवर बाहेर आला, माझ्या वाटेत. मी ब्रेक दाबला. त्याच क्षणी शेजारच्या बाईंनीही आपल्या बाजूचा ब्रेक दाबलेला मला पायाखाली जाणवला. मुलगा 'सॉरी' म्हणाला आणि गेला. काही झालं नाही. पण त्यांच्या पायाने ब्रेकला हात लावला, म्हणजे निकाल लागला होता. बारीकसारीक चुका चार, पंधरापर्यंत चालतात. गंभीर चूक एक. ती एकही चालत नाही.

परत आल्यावर त्या बाईंनी शांतपणे विचारलं, तू का निघालीस? मी म्हटलं, त्याने डिपर मारला म्हणून. त्या म्हणाल्या, त्याने मारला, पण त्याला मागचा मुलगा दिसत होता का?

घरी येऊन हायवे कोड उघडला. इतके महिने तो मी नुसता पाठ केला होता, प्रश्नांपुरता. नियम एकशे दहा: दिवे लकाकवायचे ते फक्त आपण इथे आहोत हे दुसऱ्याला कळवण्यासाठी. नियम एकशे अकरा: कुणी दिवे लकाकवले म्हणजे आपल्याला पुढे बोलावतोय असं कधीही समजू नये, स्वतः पाहून ठरवावं. मी ते दोन नियम तीन-चारदा वाचले. मी आहे! पुस्तकातला डिपर म्हणजे जवळजवळ कुंभार्लीतलाच डिपर. 'तू जा' हा अर्थ पुस्तकात नाहीच, तो स्विंडनच्या गल्ल्यांनी आपसात ठरवून घेतलेला. इंग्रजही पुस्तकात एक लिहितात आणि रस्त्यावर दुसरं करतात, हे कळल्यावर मला नापास झाल्याचं दुःख निम्म्याने कमी झालं. पहिल्या दिवशी त्या गल्लीत म्हशीसारखी उभी राहिले तेव्हा मी कायद्याने अगदी बरोबर होते. फक्त ते मलाही माहीत नव्हतं आणि व्हॅनवाल्यालाही.

अंकलना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणून सांगतंय, सवकाश." परीक्षेला बसणाऱ्यांपैकी निम्मेसुद्धा पास होत नाहीत इथे, असं वर समाधानही केलं.

सप्टेंबरात पुन्हा बासष्ट पौंड भरून बसले. या वेळी गल्ली नाही, व्हॅन नाही, सरळसाधा रस्ता, आणि मॅजिक राउंडअबाउटही वाटेत आला नाही, याचं मला जरा वाईटच वाटलं. तीन चुका. पास. कार्ड टपालाने आलं, गुलाबी, माझा फोटो त्यावर पोलिसांनी शोधावा असा. सोबत समज: नव्या चालकाचे दंडाचे गुण पहिल्या दोन वर्षांत सहा झाले तर लायसन्स रद्द, पुन्हा 'एल'पासून सुरुवात. नवी चालक म्हणजे मी. वीस वर्षं कुंभार्ली चढलेली.

जुनं लायसन्स पाकिटात मागच्या कप्प्यात आहे. दिवाळीत चिपळूणला जाताना तेच लागतं.

तुमच्यापैकी कुणी इकडे राहायला येणार असेल तर तीन गोष्टी ध्यानात ठेवा. उतरल्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात लाल शाईने लिहा. माझ्यासारखे नऊ महिने घालवू नका, पहिल्याच महिन्यात प्रोव्हिजनलचा अर्ज टाका, थिअरी उरका आणि लगेच प्रॅक्टिकलची तारीख धरून ठेवा. आणि अरुंद गल्लीत समोरच्याने डिपर मारला, तर बोटं मागाहून उचला, आधी त्याच्या मागे कोण आहे ते बघा.